मुठीतली हाक

दुपारी अडीचच्या सुमाराला कारागीर घरातून निघाली, तेव्हा तिच्या खांद्यावरच्या पिशवीत एक लॅपटॉप, वायरींचं भेंडोळं, पाण्याची बाटली आणि जुन्या मफलरमध्ये गुंडाळलेला गोटा एवढंच होतं. काम साधं होतं. गोटा नणंदेच्या हाताला शिकवायचा, तिच्या हवाली करायचा आणि येताना भाजी घेऊन घरी परतायचं. फार तर तासाभराचं काम. दाराला कुलूप घालताना तिने मनाशी ठरवून टाकलं होतं, की रडायचं नाही, जास्त बोलायचं नाही आणि गोटा देताना हात मागे घ्यायचा नाही.

तिचं खरं नाव कोणी घेत नसे. नवऱ्याने लग्नाआधीपासून तिला ‘कारागीर’ म्हणायला सुरुवात केली आणि बघता बघता दूधवाल्यापासून बँकेतल्या बाईपर्यंत सगळ्यांनी ते उचललं. त्याचा सूड म्हणून ती त्याला ‘उस्ताद’ म्हणायची. कारण उस्तादाला धड एकही वाद्य वाजवता येत नव्हतं. तो दुसऱ्यांचे आवाज वाजवायचा.

हे जरा नीट सांगायला हवं. कारागीर वस्तू घडवायची. रबर, लाकूड, लोकर, चामडं, आणि त्यांच्या पोटात दाब नि हालचाल ओळखणारे बारीक बारीक भाग. तिची एक उशी होती, ती कवेत घेऊन आवळली की समोर गाणाऱ्याचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा व्हायचा. एक बशी होती, ती कलती केली की सूर काठावरून घरंगळायचा. आणि गोटा. नदीतल्या दगडासारखा गुळगुळीत, मुठीत मावेल न मावेल एवढा, बाहेरून मऊ रबराचा आणि आत लाकडाचा गाभा असलेला. गोट्याला स्वतःचा आवाज नव्हता. माइकमध्ये जो आवाज शिरेल तो गोटा वळवायचा. हलका दाब दिला की सूर जाडसर, जोरात आवळला की घुमायला लागायचा. मनगट फिरवलं की एकाच गळ्याचे चार गळे व्हायचे.

कार्यक्रमात कोणी गात असायचं आणि शेजारी उस्ताद नुसती मूठ आवळत, सोडत उभा असायचा. नवखे लोक पहिल्यांदा हसायचे. “हा काय लिंबू पिळतोय का?” पाच मिनिटांनी तेच लोक खुर्चीच्या कडेला येऊन ऐकत असायचे.

घरी तर त्याने उच्छाद मांडला होता. कारागीर भांडी घासताना गुणगुणत असायची. बाहेरच्या खोलीतल्या स्पीकरमधून तिचाच आवाज रेड्याच्या आवाजात बाहेर पडायचा. ती साबणाच्या हातानेच धावून जायची. उस्ताद मूठ पाठीमागे लपवून साळसूदपणे पेपर वाचत असायचा.

मग दीड वर्षापूर्वी एका सकाळी दाढी करता करता तो आरशासमोर कोसळला. उजवी बाजू पूर्ण गेली, डावीही जवळजवळ गेली. वाचा गेली. उरली ती डाव्या हाताची तीन बोटं, तीही फुलपाखरानं बसावं एवढा भार देणारी.

कारागीरने तेव्हा रात्रीचा दिवस केला. सतरा नवे गोटे बिघडले, अठरावा जमला, तोच आता मफलरमध्ये होता. श्वास टाकावा एवढ्या दाबालाही तो ओळख देऊ लागला. पण गोट्याला वळवायला काहीतरी आवाज लागतोच ना? म्हणून तिने उस्तादाच्या पलंगाशेजारी एक छोटा टेबलफॅन सतत चालू ठेवला आणि त्याच्यापुढे माइक लावला. पंख्याची घरघर हाच त्याचा गळा. एक लांब दाब म्हणजे हो. दोन तोकडे म्हणजे नाही. हसू आलं की नुसती थरथर. आणि हाक मारायची असली की घाईघाईने दाबावर दाब, दाबावर दाब, की पंख्याची घरघर घरभर हंबरत फिरायची. नवऱ्याशी तिचं पुढे दहा महिने जे बोलणं झालं ते असं.

उस्ताद गेला त्याला आता आठ महिने झाले होते.

तो गेला तेव्हा त्याची धाकटी बहीण गाण्याच्या दौऱ्यावर होती, दोन विमानं बदलून पोचावं लागेल इतकी लांब. ती ताडमाड उंच, म्हणून भाऊ तिला लहानपणापासून ‘बुटकी’ म्हणायचा. फोनवर बुटकीने रडत रडत तीनदा विचारलं होतं, “वहिनी, तू होतीस ना गं जवळ?” आणि कारागीरने सांगितलं होतं, “झोपेत गेला. माझा हात त्याच्या हातात होता.” पुढे भेटायला आलेल्या प्रत्येकाला तिने हेच सांगितलं. सांगून सांगून ते वाक्य इतकं गुळगुळीत झालं होतं, की आता तिच्या जिभेलाही टोचत नव्हतं.

आता बुटकीचा कार्यक्रम होता, भावाच्या आठवणीचा. “दादाचा गोटा माझ्या हातात असू दे,” असं ती म्हणाली होती. नाही म्हणायला कारागीरला तोंड नव्हतं. पण गोटा एका वेळी एकच हात ओळखतो. नवा हात शिकवून झाला की जुना पुसावा लागतो. आणि तिने तो आठ महिने कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवला होता, बॅटरी काढून.

रेकॉर्डिंगची जागा तळघरात होती. सांभाळणारे काका साठीचे, पोट सुटलेले, कानाला कायम पेन्सिल लावलेली. उस्तादाचे पहिले सगळे कार्यक्रम त्यांनीच रेकॉर्ड केले होते. कारागीरला पाहिल्यावर ते उठून उभे राहिले, पुन्हा बसले आणि म्हणाले, “चहा घेणार?”

“नंतर घेऊ काका. आधी काम.”

बुटकी आधीच आली होती. तिने वहिनीला घट्ट मिठी मारली.

आतल्या खोलीला काका ‘मुकी खोली’ म्हणायचे. भिंती, छत, दार सगळीकडे फूटभर जाडीचा काळा स्पंज, टोकटोकांचा. आत टाळी वाजवली तरी ती हातातच मरायची. गोटा शिकवायला ही खोली लागायची, कारण बाहेरचा एखादा हॉर्न जरी माइकमध्ये शिरला तरी शिकवणं बिघडतं.

“एकटीने बसू नकोस,” काका बुटकीला म्हणाले. “त्या खोलीत दहा मिनिटांत माणसाला स्वतःचं रक्त वाहताना ऐकू येतं. वहिनीला घे सोबत. लॅपटॉप माझ्याकडे राहू दे, मी इथून आकडे बघतो.”

कारागीरने मफलर सोडला, गोट्यात बॅटरी घातली, वायर जोडली. गोटा थंडगार होता. तिने तो बुटकीच्या तळहातावर ठेवला. हात मागे घेतला नाही. मग दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसली. दोघींमध्ये सहा-सात पावलांचं अंतर.

“ट्यूबलाइट गुणगुणतेय,” भिंतीतल्या स्पीकरमधून काकांचा आवाज आला. “माइक पकडतोय. बंद करतो हं.”

अंधार झाला. बाहेर भर दुपारचं ऊन होतं, पण इथे डोळे उघडे काय नि मिटलेले काय. स्पंजाचा कुबट वास. आणि ती शांतता... कानाला हात लावून बघावंसं वाटावं अशी.

“गा,” कारागीर म्हणाली. “एकच सूर. हलकं दाब... आता सोड.”

बुटकीने सूर लावला. तिचा गळा भावासारखाच, थोडा खर्जातला. सूर जाडसर झाला, पुन्हा मूळपदावर आला.

“छान. आता जरा जोरात.”

सूर घुमला. सगळं ठीक चाललं होतं. चार-पाच वेळा तसंच झालं. मग बुटकी मध्येच थांबली.

“वहिनी, हात काढ ना.”

“काय?”

“हात काढ. तू माझ्या हातावर दाबलंस की मला कळत नाही मी किती दाबतेय.”

कारागीर स्टुलावरच होती. दोन्ही हात मांडीवर, एकमेकांत गुंतवलेले.

“बुटके,” ती हळूच म्हणाली, “मी दाराशी बसलेय.”

अंधारात बुटकीचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग भिंतीतून काकांचा आवाज, जरा अडखळत: “बाई... मला इथे दोन हातांचे दाब दिसताहेत. तसंच हवंय ना?”

“लाइट लावा काका,” कारागीर म्हणाली.

“नका लावू,” बुटकी म्हणाली. आणि तिने पुन्हा सूर लावला. या वेळी तो गाण्याचा सूर नव्हता. लहान मूल आईला शोधताना जसं कुंई करतं तसा. त्या सुरात शब्द मिसळून तिने विचारलं, “दादा?”

तिचा सूर खाली वाकला, घुमला आणि तसाच घुमत राहिला. एक लांब दाब.

हो.

“नको गं,” कारागीर कुजबुजली. “बुटके, नको...”

पण बहीणच ती. भावाचं शेवटचं तोंडही न पाहिलेली. तिला भीती वाटली असेल तरी त्या भीतीहून मोठं काहीतरी तिच्या पोटात होतं.

“त्रास झाला का रे तुला?” सूर थरथरत होता.

लांब दाब.

“खूप?”

दोन तोकडे. खूप नाही.

बुटकी रडायला लागली होती, पण सूर सोडत नव्हती. सूर सुटला तर तो बोलणार कशाने? स्वतःच्या समाधानासाठी, उत्तर ठाऊक असलेला प्रश्न विचारावा तसं तिने विचारलं, “वहिनीचा हात होता ना रे हातात?”

सूर तुटला. जुळला. पुन्हा तुटला.

दोन तोकडे.

“दादा, वहिनी होती ना तुझ्याजवळ?”

पुन्हा दोन. या वेळी अगदी हलके, जसं एखादं माणूस नाइलाजाने खरं बोलतं.

कारागीरला स्वतःचं रक्त ऐकू यायला लागलं. मग तिला एका बाईचा आवाज ऐकू आला, सपाट, दमलेला. तो तिचाच होता.

“चार रात्री डोळ्याला डोळा नव्हता लागला माझ्या. त्या दिवशी सकाळपासून तो नुसता दाबत होता. हवं काय ते कळेना. पाणी दिलं, कूस बदलली, डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले संध्याकाळी येतो. आणि याचं आपलं चालूच. घरातला प्रत्येक आवाज हंबरत होता गं. मी चमचा ठेवला तर तो हंबरायचा. मी चालले तर माझी पावलं. मी ओरडले त्याच्यावर. म्हटलं, पुरे कर आता. आणि तो ओरडाही हंबरत माझ्याच अंगावर आला. मग... मग मी स्पीकर बंद केला. म्हटलं अर्धा तास, फक्त अर्धा तास पडते. बाजूच्या खोलीत जाऊन पडले. उठले तेव्हा...”



“मी तीनदा विचारलं होतं तुला,” बुटकी म्हणाली.

“हो.”

“तीनदा वहिनी.”

“हो गं.”

“लाइट लावा काका.”

प्रकाश डोळ्यांत घुसला. बुटकीच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिचे दोन्ही हात मोकळे होते. गोटा तिच्या समोरच्या स्टँडवर होता, हाताच्या अंतराहूनही लांब.

“कधी ठेवलास खाली?” कारागीरने विचारलं.

“तू म्हणालीस ना, मी दाराशी बसलेय,” बुटकी गोट्याकडे बघत म्हणाली. “तेव्हाच.”

त्या बाहेर आल्या. काकांनी न विचारता दोन कप चहा पुढे केला. भिंतीतल्या स्पीकरवरून त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि आपण ते ऐकलं याचीच त्यांना लाज वाटत होती. कोणीच चहाला हात लावला नाही.

शेवटी बुटकीच बोलली. “गोटा सगळं लिहून ठेवतो, नाही का? प्रत्येक दाब. तूच सांगितलं होतंस मला.”

“हो.”

“स्पीकर बंद असला तरी?”

कारागीरने होकारार्थी मान हलवली. दाबांची नोंद गोट्याच्या पोटातच होत असे. त्या दुपारची नोंद तिथेच होती आणि म्हणूनच तर तिने बॅटरी काढून तो कपाटात ढकलला होता.

“मग ती लाव. त्या दुपारची. सूर मी देते.”

“नको गं. मला नाही सहन होणार.”

“तेव्हा ऐकलं नाहीस ना?” बुटकीचा आवाज चढला नाही, पण पात्यासारखा होता. “मग आता ऐकायचं.”

काकांनी लॅपटॉपवर ती तारीख शोधली. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. बुटकी माइकपुढे उभी राहिली, डोळे मिटले, आणि तिने साधा, सरळ सूर धरला. काकांनी बोटाने खूण केली. आठ महिन्यांपूर्वीची ती मूठ बुटकीच्या गळ्यावर चालायला लागली.

सुरुवातीला हाका होत्या. दाबावर दाब, दाबावर दाब. बुटकीचा स्वच्छ सूर हंबरू लागला, आपटू लागला, भिंतीला धडका देऊ लागला. कारागीरने दोन्ही कानांवर हात ठेवले. बुटकीने गाता गाताच पुढे होऊन तिच्या एका कानावरचा हात काढला आणि तो हातात धरून ठेवला. पहिल्यांदा शिक्षा म्हणून असेल. पण नंतर तिने तो सोडला नाही.

सहा मिनिटं हाका चालल्या. मग विरळ झाल्या. मग थांबल्या.

थोड्या वेळाने नवीनच काहीतरी सुरू झालं. हलकासा दाब, सावकाश वाढणारा. मग तितकाच सावकाश सुटणारा. थोडी उसंत. पुन्हा दाब. पुन्हा सुटणं. बुटकीचा सूर भरतीच्या पाण्यासारखा वर यायचा, खाली जायचा. हे बोलणं नव्हतं. हाक नव्हती. काकांनी कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली आणि नकळत पेन्सिलीनेच मांडीवर ठेका धरला.

“हे काय वाजवतोय तो?” काकांनी कुजबुजत विचारलं.

कारागीर ऐकत राहिली. उस्तादाची एक सवय तिला पाठ होती. आवाज जवळचा असला की तो जोराने आवळायचा, लांबचा असला की हलकेच. हा दाब अगदी हलका होता. म्हणजे आवाज लांबचा होता. बाजूच्या खोलीतला. मध्येच एक दाब अडखळायचा, दोनदा थरथरायचा, मग सुटायचा. आणि तिला एकदम कळलं. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात उस्तादाने तिची नक्कल करून दाखवली होती, की तू झोपेत श्वास घेताना मध्येच अडखळतेस, जिन्यावरून पाय घसरल्यासारखी.

“हे... हे मी आहे,” ती म्हणाली. “मी झोपलेय. तो माझा श्वास वाजवतोय.”

बुटकीचा सूर फुटला, तरी तिने सावरला. चौदा मिनिटं. मरणाऱ्या माणसाने चौदा मिनिटं बाजूच्या खोलीत झोपलेल्या बायकोचा श्वास मुठीत धरला होता. घे, सोड. घे, सोड. शेवटी शेवटी दाब इतका क्षीण झाला, की सुरात फरक पडतोय की नाही तेही कळेना. एक श्वास त्याने घेतला आणि तो सोडायचा राहून गेला. पडद्यावरची रेघ सरळ झाली.

बुटकीने सूर थांबवला. कारागीर तिच्या खांद्यावर कोसळली. आठ महिने न आलेलं रडू एकदम आलं, ओरडून, घसा फोडून. “मला उठवायचं ना रे,” एवढंच ती म्हणत होती. “मला उठवायचं ना...”

“हाका मारल्या की त्याने,” बुटकी तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. तीही रडत होती. “आणि मग तुला झोपू दिलं. तसलाच होता तो. मेला गाढव.” जरा वेळाने ती म्हणाली, “हात पुसायचा नाही हा. कार्यक्रम मी तशीच गाईन.”

इथेच ही गोष्ट संपायला हवी होती.

काकांनी चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा लावला आणि नोंद बंद करायला हात पुढे केला. मग हात तसाच राहिला.

“बाई, ही नोंद संपत नाहीये.”

“म्हणजे?”

“पुढे आहे. बरीच आहे. रोजची आहे.”

कारागीरने डोळे पुसत पडद्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसाची तारीख. तिसऱ्या. चौथ्या. रोज रात्री अकरा, साडेअकराला सुरू, सकाळी सहाला बंद. तोच दाब, हलका, चढत जाणारा, सुटणारा, मध्येच अडखळणारा.

“पण बॅटरी नव्हती त्यात,” ती म्हणाली. “मी काढून ठेवली होती. आज इथे तुमच्यासमोर घातली.”

काका एकेक तारीख पुढे सरकवत गेले. ज्या रात्री तिला झोप लागली नव्हती, त्या रात्री रेघ कोरी होती. एकदा ती पहाटे चारला दचकून उठली होती, तिथे दाब बरोबर चारला सुटला होता. कपाटात, कपड्यांखाली, आठ महिने तो तिचा श्वास मोजत होता. भीती वाटायला हवी होती. पण कारागीरला वाटलं, की कोणीतरी पाठीवर ऊबदार हात ठेवलाय. ती ओल्या डोळ्यांनी हसली देखील. बुटकीलाही रडता रडता हसू आलं.

काका मात्र हसत नव्हते. ते शेवटच्या काही तारखांवर थांबले होते.

“बाई, घरी आणखी कोण असतं?”

“कोणी नाही. मी एकटी.”

“गेल्या तीन आठवड्यांत कोणी पाहुणे? एखादं मांजर?”

“नाही काका. का?”

त्यांनी पेन्सिलीचं टोक पडद्यावर टेकवलं. तिचा श्वास चढत होता, अडखळत होता, सुटत होता. आणि तो सुटला की मधल्या उसंतीत दुसरा एक श्वास चढत होता. लांबलचक. कुठेही न अडखळणारा. तीन आठवड्यांपूर्वी तो नव्हता. पहिल्या रात्री तो अगदी हलका होता, म्हणजे लांब कुठेतरी. मग रोज थोडा थोडा जोराचा.

आणि त्या दोन श्वासांच्या वर, रोज पहाटेपर्यंत, दाबावर दाब, दाबावर दाब.

“हाका मारतोय तो,” बुटकी म्हणाली. “वहिनी, रोज हाका मारतोय तुला...”

कारागीर त्या संध्याकाळी घरी गेलीच नाही. बुटकीने तिला हाताला धरून स्वतःच्या घरी नेलं. बुटकी एकटीच राहायची, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. तिने सगळ्या खिडक्या लावल्या, दाराला आतून दोन्ही कड्या घातल्या आणि एकाच खोलीत शेजारी शेजारी दोन गाद्या टाकल्या. दोघींच्या उशांच्या मधोमध गोटा ठेवला, त्याच्याशेजारी माइक, उशाशी स्पीकर, आवाज पूर्ण मोठा.

“बोल रे,” कारागीर अंधारात म्हणाली. “कितीही हाका मार. मी ऐकतेय. पुरे म्हणणार नाही आता.”

स्पीकर गप्प राहिला. बुटकी म्हणाली, “झोप तू. मी जागी आहे.” कारागीर म्हणाली, “तू झोप, मी जागी आहे.” असं म्हणता म्हणता दोघींनाही कधीतरी झोप लागली, दगडासारखी.

सकाळी कारागीर उठली तेव्हा ऊन पायापर्यंत आलं होतं. बुटकी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

“बघ. रात्रभर एकही हाक नाही. नुसते श्वास. तुझा आणि माझा. शांत झाला गं दादा. सांगायचं होतं ते सांगून झालं त्याचं.” तिने लॅपटॉप वहिनीच्या हातात दिला आणि उठली. “चहा टाकते. आलं घालू का?”

“घाल,” कारागीर म्हणाली.

स्वयंपाकघरात पातेल्याचा आवाज झाला. बुटकी कितीतरी दिवसांनी गुणगुणत होती. कारागीरने पडद्याकडे पाहिलं. खरंच, एकही हाक नव्हती. रेघ संथ चढत होती, संथ उतरत होती. एक श्वास अडखळणारा, तो तिचा. दुसरा छोटा आणि सारखा, गाणाऱ्या माणसाचा, तो बुटकीचा. तिने बोट ठेवून एक एक दाब मोजला. पुन्हा पहिल्यापासून मोजला. मग तिसऱ्यांदा.

बुटकीचं गुणगुणणं जवळ येत होतं. कारागीरने लॅपटॉप मिटला आणि कप घ्यायला हात पुढे केला. तिने काही सांगितलं नाही.

श्वास तीन होते. आणि तिसऱ्याचा दाब सगळ्यात जोराचा होता.